द्राक्षाची फवारणी, शेळीचं इंजेक्शन आणि हत्तीरोगाची गोळी

पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीतल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘द्राक्षावर थ्रिप्स (फुलकिडे) दिसतोय’ एवढं म्हणा. दुकानदार ज्या दोन-चार डब्यांकडे हात करील, त्यांत इमामेक्टिन हमखास असतं. लाल कोळी पडला असेल तर अबामेक्टिन निघतं. जनावरांचे डॉक्टर जंत आणि गोचिडांसाठी शेळीच्या कातडीखाली जे इंजेक्शन टोचतात, ते पुष्कळदा आयव्हरमेक्टिनचं असतं. आणि हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई घरोघर जाऊन समोर उभ्या राहून ज्या गोळ्या गिळायला लावतात, त्यांत काही जिल्ह्यांत हेच आयव्हरमेक्टिन असतं.

हे सगळं एकाच घराण्यातलं औषध आहे. त्याचा मूळपुरुष जपानमधल्या मातीत राहणारा एक सूक्ष्म जीव.

मोहिमेच्या बातम्या आल्या की व्हॉट्सअॅपवर ठरलेले प्रश्न फिरायला लागतात. मला काही झालेलं नाही, मग गोळी का? ही तर जनावरांची गोळी ना? कोविडमध्ये हीच घेत होते, नंतर बंद का केली? प्रश्न रास्त आहेत आणि ‘शासनाचा आदेश आहे’ हे त्यांचं उत्तर होऊ शकत नाही. मला वाटतं, हे औषध ज्याच्या प्रयोगशाळेतून आलं त्या माणसाचं काम समजून घेतलं, तर निम्मी उत्तरं आपोआप मिळतात. नाव विल्यम कॅम्पबेल. आयुष्यभर त्यांनी जंतांचा अभ्यास केला.

आधी परजीवी म्हणजे कोण ते पाहू

परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगात किंवा अंगावर राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. हिवतापाचा परजीवी एकपेशीय असतो, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. पोटातला जंत वीतभर लांबीचाही असू शकतो. हत्तीरोगाचा जंत दोऱ्यासारखा बारीक असतो आणि तो पोटात राहत नाही. अंगभर ज्या बारीक नळ्यांतून रक्ताबाहेर झिरपलेलं पाणी परत गोळा होतं, त्या लसीकावाहिन्यांत तो मुक्काम करतो.

जंत आणि बॅक्टेरिया यांच्यातला एक फरक इथेच लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. बॅक्टेरिया अंगात शिरला की एकाचे लाख होतात. हत्तीरोगाचा प्रौढ जंत तसा वाढत नाही. अंगात जितके प्रौढ जंत आहेत, त्यातला प्रत्येक जण डासाच्या कुठल्या तरी चाव्यातून वेगळा आलेला असतो. त्यामुळे दोन-चार चाव्यांनी हा आजार होत नाही. डासांनी भरलेल्या वस्तीत महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहावं लागतं.

या आजारांना ‘उष्णकटिबंधीय’ म्हणतात. हवामानाचा संबंध आहेच, कारण डासाच्या अंगात परजीवी वाढायला ऊब लागते. पण मलेरिया एकेकाळी इंग्लंडच्या दलदलीतही होता आणि युरोप मलेरियामुक्त झाल्याचं १९७५ साली जाहीर झालं. तिथलं ऊन बदललं नव्हतं. घरं, गटारं आणि दवाखाने बदलले होते. या आजारांचा पत्ता नकाशावरच्या रेषांपेक्षा वस्तीच्या अवस्थेवरून जास्त अचूक सापडतो.

मेंढीच्या यकृतापासून सुरुवात

कॅम्पबेल यांचा जन्म १९३० सालचा, आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातल्या रॅमेल्टन नावाच्या लहान गावात. वडील शेतकऱ्यांना लागणारा माल पुरवत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन ते १९५२ साली पदवीधर झाले. तिथे डेस्मंड स्मिथ नावाचे प्राध्यापक परजीवी कृमींवर काम करत होते आणि त्यांचा नाद या मुलाला लागला. आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या पदवीधराला नातेवाईक ‘मग आता बी.एड. का?’ असं विचारतात. कॅम्पबेल अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले आणि यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीवर पीएच.डी. करून १९५७ साली मर्क या औषध कंपनीच्या संशोधन संस्थेत रुजू झाले. तिथून बाहेर पडले ते १९९० साली, ३३ वर्षांनी. पुढे ते ड्रू विद्यापीठात शिकवत राहिले.

या माणसाकडे वैद्यकीय पदवी नव्हती. नोकरीतलं मुख्य काम गुरं, मेंढ्या, घोडे आणि कुत्री यांच्या जंतांवर औषधं शोधण्याचं. कारण सरळ होतं. जंत झालेली मेंढी वजन धरत नाही, तिची लोकर उतरते आणि तिचा मालक औषधाला पैसे मोजायला तयार असतो. जंत झालेल्या गरीब माणसाचंही वजन घटतं, पण त्याच्या बाजूने पैसे मोजणारा कोणी नसतो. हे ऐकायला कडवट वाटतं. हिशोब मात्र असाच चालतो. १९७५ ते १९९९ या काळात जगात १३९३ नवी औषधं बाजारात आली. सगळे उष्णकटिबंधीय रोग आणि क्षयरोग मिळून त्यातली १६ वाट्याला आली.

म्हणून परजीवींवर काम करणाऱ्याला बहुधा जनावरांच्या दारातूनच आत यावं लागतं. कॅम्पबेल यांनी ते कमीपणाचं मानलं नाही. कृमी कोणाच्या अंगात आहे यापेक्षा तो जगतो कसा, याचं कुतूहल त्यांना जास्त होतं. हौसेने ते परजीवींची चित्रंही काढतात. ज्या जिवांना पाहून बाकीचे नाक मुरडतात, त्यांची रंगीत चित्रं.

गोल्फ मैदानाजवळची माती

आता दुसरा माणूस. सातोशी ओमुरा, जन्म १९३५, जपानमधल्या यामानाशीतल्या शेतकरी कुटुंबातला. टोकियोत रात्रशाळेत शिकवत असताना दिवसभर कारखान्यात राबून, हाताला तेल लागलेल्या अवस्थेत वर्गात येऊन बसणारी मुलं त्यांनी पाहिली आणि आपणही पुढे शिकलं पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढे कितासातो संस्थेत ते मातीतल्या सूक्ष्म जिवांवर काम करू लागले. कुठेही गेले तरी माती भरायला प्लास्टिकची पिशवी बरोबर असायची.

चमचाभर मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. एकमेकांना हटवण्यासाठी ते नाना रसायनं तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध मातीतल्या अशाच एका जिवाने दिलं. ओमुरांनी त्याच घराण्यातले वेगळे वाटणारे जीव निवडून काढले आणि त्यातले सुमारे ५० मर्ककडे पाठवले. १९७४ सालची गोष्ट. त्यातला एक इतो शहराजवळच्या कावाना इथल्या गोल्फ मैदानाच्या कडेच्या मातीतला होता.

कॅम्पबेल यांच्या गटाची तपासण्याची पद्धत साधी होती. उंदरांना मुद्दाम आतड्याच्या जंतांची लागण करायची, प्रत्येक सूक्ष्म जीव ज्यात वाढवला ते आंबवण त्यांच्या खाद्यात मिसळायचं आणि काही दिवसांनी जंत उरलेत का ते मोजायचं. नमुन्यांमागून नमुने वाया जातात. कावानाच्या मातीचं आंबवण खाल्लेल्या उंदराचे जंत नाहीसे झाले. उंदराची तब्येतही ढासळली होती, कारण मात्रा जास्त झाली होती. पातळ करून दिलं तेव्हा उंदीर ठीक आणि जंत गायब. त्या द्रव्याला अॅव्हरमेक्टिन नाव मिळालं. रसायनशास्त्रज्ञांनी त्यात थोडा बदल करून जास्त सुरक्षित केलेलं रूप म्हणजे आयव्हरमेक्टिन. अबामेक्टिन आणि इमामेक्टिन ही शेतीतली भावंडंही त्याच खोडाची.

तशा सूक्ष्म जिवाचा नंतर इतरत्र पुष्कळ शोध घेतला गेला. व्यापारी उत्पादनाला उपयोगी पडलेलं वाण आजही त्या एका मुठीतल्या मातीचंच.

जंत मरतो, मग शेळी का मरत नाही?

हा प्रश्न मला एका बागायतदाराने विचारला होता आणि तो अगदी नेमका प्रश्न आहे. थ्रिप्स मरतो, गोचीड मरतो, जंत मरतो. शेळी आणि माणूस कसे वाचतात?

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे लगेच कळेल. चारीला दार असतं. पाटकरी पाळीला दार उघडतो, पाणी येतं, पाळी संपली की दार पडतं. जंताच्या चेतापेशींवर आणि स्नायूंवर अशीच दारं असतात. ठरावीक इशारा मिळाला की क्षणभर उघडून ती क्षारांचे कण आत घेतात आणि बंद होतात. त्या उघडझापीवर जंताची हालचाल चालते, त्याचा घसा चालतो. आयव्हरमेक्टिन या दाराच्या खाचेत दगड अडकवतं. दार उघडं ते उघडंच. पेशी बधिर होते, जंत लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही.

नेमकी या जातीची दारं कीटकांत आणि गोल कृमींत असतात. माणसात आणि शेळीत नसतात. त्यांच्याशी दुरून नातं सांगणारी दारं आपल्या मेंदूत आहेत, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पहारा असतो. तिथले पंप हे औषध आत शिरू लागलं की उलट बाहेर फेकतात.

हा पहारा किती मोलाचा आहे ते अपघातानेच कळलं. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी हा पंपच नसलेले उंदीर तयार केले होते, दुसऱ्याच कामासाठी. उंदरांच्या अंगावर बारीक कीड पडली म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेले मेले. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत हा पंप जन्मतःच सदोष असतो, म्हणून कुत्र्यांचे डॉक्टर त्यांना हे औषध देताना जपतात. ‘सुरक्षित औषध’ म्हणजे ठरलेल्या मात्रेत सुरक्षित, हे इथून नीट समजतं.

घोड्याच्या कातडीवरून माणसाकडे

आयव्हरमेक्टिन १९८१ साली जनावरांसाठी बाजारात आलं आणि धडाक्याने विकलं गेलं. कंपनीचं भलं झालं. गोष्ट इथे संपली असती तर आज त्यावर लिहिण्याचं कारण नव्हतं.

पण बाजारात येण्यापूर्वीच, घोड्यांवरच्या प्रयोगांत कॅम्पबेल यांच्या गटाला एक गोष्ट दिसली होती. एका जंताची घोड्याच्या कातडीत राहणारी पिल्लं या औषधाने मरत होती. माणसात याच जंताचा सख्खा भाऊ आफ्रिकेत आणि मध्य-दक्षिण अमेरिकेत ‘नदीकाठचं अंधत्व’ नावाचा एक भयंकर आजार घडवत होता. वाहत्या नदीकाठी वाढणारी काळी माशी चावते, जंत अंगात येतो, त्याची लाखो पिल्लं कातडीत फिरतात, खाज असह्य होते आणि ती डोळ्यांत शिरली की माणूस आंधळा होतो. गावंच्या गावं नदीकाठची सुपीक जमीन टाकून पळाली होती. भारतात हा आजार नाही. कॅम्पबेल यांनी वरिष्ठांकडे माणसावर चाचणी करण्याचा आग्रह धरला. मोहम्मद अझीझ हे आजच्या बांगलादेशात जन्मलेले डॉक्टर मर्कमध्येच होते, आफ्रिकेत काम केलेले. त्यांनी १९८१ साली सेनेगलमध्ये पहिली चाचणी घेतली. एका गोळीने कातडीतली पिल्लं जवळजवळ नाहीशी झाली आणि डोळ्यांना इजा झाली नाही.

आता अडचण अशी की ज्यांना गोळी हवी होती त्यांच्याकडे ती विकत घ्यायला पैसा नव्हता आणि त्यांच्या सरकारांकडेही नव्हता. ऑक्टोबर १९८७ मध्ये मर्कचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी जाहीर केलं, की या आजारासाठी जितकं लागेल, जितका काळ लागेल तितकं औषध फुकट दिलं जाईल. औषध कंपन्यांबद्दल मला फार ममत्व नाही, पण हा निर्णय मोठा होता हे कबूल करावंच लागतं. गुरांच्या औषधाचा नफा खिशात असताना तो घेणं सोपं गेलं असेल, हेही खरं. कोलंबिया २०१३ साली या आजारातून मुक्त ठरला, पाठोपाठ इक्वाडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला.

कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५चं वैद्यकाचं अर्धं नोबेल मिळालं. उरलेलं अर्धं मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना. कॅम्पबेल तेव्हा ८५ वर्षांचे होते.

मला काही झालेलं नाही, मग गोळी का?

आता आपल्या हत्तीरोगाकडे येऊ. मोहिमेत सगळ्यात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न आहे, आणि मला वाटतं सगळ्यात कमी नीट समजावलेलाही हाच.

प्रौढ जंत लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षं जगतात. मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या आत दडून राहतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, हातापायांच्या वरवरच्या रक्तात येतात. का? कारण हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री येतात. लोक वैतागतात, ‘ही काय वेळ आहे?’ म्हणतात. ती वेळ जंताने ठरवलेली आहे.

डास चावतो तेव्हा रक्ताबरोबर पिल्लं घेतो. डासाच्या अंगात ती साधारण दहा-चौदा दिवसांत पक्की होतात आणि पुढच्या माणसात शिरतात. डासाचा हा भाग पहिल्यांदा पाहिला तो पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने, १८७७ साली चीनमध्ये. त्याच्याआधी, १८७२ साली, टिमोथी लुईस याने कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्लं शोधली होती.

यातली खरी गोम अशी : पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात पुष्कळदा पिल्लं सापडतच नाहीत. त्याच्या लसीकावाहिन्यांचं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. आणि ज्याच्या रक्तात हजारो पिल्लं फिरतायत तो अनेकदा धडधाकट असतो, कामावर जातो, कबड्डी खेळतो. डास त्याच्याकडून आजार उचलतो. तो कोण हे त्यालाही माहीत नसतं. गावातल्या प्रत्येकाचं रात्री रक्त तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना वर्षातून एकदा सुरक्षित गोळी देणं स्वस्त आणि वेगवान पडतं.

जिथे तीन औषधं देतात तिथे ती अशी : आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल. अल्बेंडाझोल म्हणजे जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत चावायला देतात तीच गोळी. डीईसी हे १९४०च्या दशकात लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या गटाने शोधलेलं औषध. आंध्रातल्या भीमावरमचा हा माणूस अमेरिकेत १९४८ साली वारला. आपल्याकडे त्याचं नाव माहीत असायला हवं होतं, इतकंच म्हणतो. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत तिन्ही औषधं एकदाच दिल्यावर वर्षभराने ९६ टक्के रुग्णांच्या रक्तातून पिल्लं नाहीशी झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या त्रिकुटाची शिफारस केली आणि भारतात ज्या जिल्ह्यांत ते सुरुवातीलाच वापरलं गेलं, त्यांत आपलं नागपूर होतं.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना देत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. त्याची मात्रा उंची मोजून ठरवतात, म्हणून आशाताईंच्या हातात खुणा केलेली काठी असते.

गोळी घेतल्यावर ताप आला, डोकं दुखलं, म्हणजे गोळी बाधली?

बहुतेक वेळा याचा अर्थ रक्तात पिल्लं होती आणि ती मरतायत. मेलेल्या पिल्लांवर शरीर प्रतिक्रिया देतं. अंग कणकणतं, मळमळतं, एक-दोन दिवसांत उतरतं. ज्याच्या अंगात जंतच नाहीत त्याला सहसा काही जाणवत नाही. त्रास जास्त वाटला तर मोहिमेच्या पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं, पण एकाला ताप आला म्हणून अख्ख्या आळीने गोळ्या नाल्यात टाकणं हा उलटा न्याय झाला. ज्या आळीत असा त्रास जास्त, तिथे गोळीची गरजही जास्त असते.

सुजलेला पाय या गोळीने पूर्ववत होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या पायाला रोज साबण-पाण्याने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, जखम होऊ न देणं आणि पाय उंचावर ठेवून बसणं, याने वारंवार येणारा ताप आणि सूज खूप कमी होते. अंडकोषात पाणी साठलं असेल तर त्याला शस्त्रक्रिया आहे.

म्हणजे आम्ही फवारणीचंच औषध खातोय?

नाही. नातं आहे, पण अबामेक्टिन आणि इमामेक्टिन ही रेणूने वेगळी आहेत, आणि फवारणीच्या औषधात विद्रावक आणि इतर घटकही असतात. मोहिमेतली आयव्हरमेक्टिनची मात्रा एक किलो वजनाला एका ग्रॅमचा पाच हजारावा भाग एवढी, तीही वर्षातून एकदा, माणसासाठी बनवलेल्या गोळीतून. शेळीचं इंजेक्शन किंवा डब्यातली पावडर वापरून कोणी घरच्या घरी हिशोब करू पाहील तर जिवाशी खेळ होईल. निर्यातीच्या बागेत शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे आणि रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, किती चालेल, हे नाशिकचा शेतकरी कोणाही प्राध्यापकापेक्षा चांगलं जाणतो. मात्रा आणि वेळ यांचं तेच गणित इथेही आहे.

कोविडमध्ये मग काय झालं?

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर आयव्हरमेक्टिनने कोरोना विषाणू रोखल्याचं दिसलं. पण त्या बशीतली मात्रा नेहमीच्या गोळीने रक्तात कधीच पोहोचणार नाही इतकी जास्त होती. हा बारकावा बातमीत हरवला. २०२१च्या दुसऱ्या लाटेत गोवा सरकारने तर सर्व प्रौढांना ते देण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२१ मध्ये ते राष्ट्रीय उपचार सूचनांतून वगळलं गेलं आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. जंतावर चालणारं औषध विषाणूवर चालेलच असं नाही, कारण विषाणूला चेतापेशी नसतात आणि ती दारंही नसतात. औषध खोटं नव्हतं, जागा चुकीची होती.

सारखं सारखं दिलं तर जंत पचवायला लागणार नाहीत?

ही शंका शेतकऱ्याच्या तोंडूनच आली पाहिजे, कारण एकच औषध सलग मारलं की थ्रिप्स दाद देत नाही हे त्याने बागेत पाहिलेलं असतं. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांनी आयव्हरमेक्टिनला जगभर दाद देणं बंद केल्याची पुष्कळ उदाहरणं आहेत. तिथे औषध वर्षातून अनेकदा, कधी अर्ध्या मात्रेत, कळपागणिक दिलं गेलं. माणसात तीन वेगवेगळ्या प्रकारे मारणारी औषधं एकत्र देण्याचा एक फायदा हाच, की तिघांनाही एकदम चकवणं जंताला अवघड जातं. तरी धोका शून्य नाही. शिवाय आयव्हरमेक्टिन प्रौढ जंताला एका मात्रेत मारत नाही, पिल्लं मारतं. म्हणून पर्यायांचा शोध चालूच आहे. मॉक्सिडेक्टिन या औषधाला अमेरिकेत २०१८ साली नदीकाठच्या अंधत्वासाठी परवानगी मिळाली. तेही आधी जनावरांचं.

दुसरीकडे केनियातल्या क्वाले भागात एक वेगळाच प्रयोग झाला. गोळी घेतलेल्या माणसाचं रक्त पिणारा डास मरतो, मग सगळ्या वस्तीला गोळी दिली तर मलेरिया घटेल का? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांमधली मलेरियाची लागण २६ टक्क्यांनी कमी आढळली. कॅम्पबेल यांनी १९७५च्या आसपास उंदरांवर पाहिलेल्या द्रव्याचं काम पन्नास वर्षांनीही संपलेलं नाही.

असं करिअर इथल्या मुलाला जमेल?

जमेल, पण रस्ता डॉक्टरकीचाच आहे असं समजू नये. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक, अगदी कृषी कीटकशास्त्र यांतूनही इथे येता येतं. पुदुच्चेरीत १९७५ पासून डासांसारख्या रोगवाहक कीटकांवर काम करणारं केंद्र आहे, दिल्लीत मलेरिया संशोधन संस्था आहे. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात हत्तीरोगाच्या निदानावर अनेक वर्षं काम झालं. मुंबईत १८९९ सालापासूनची हाफकिन संस्था आहे. पगार आयटीएवढा नाही आणि शेण, रक्त, डास यांच्याशी रोजची गाठ. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. त्याच्या आवारातून एखादा मुलगा किंवा मुलगी जंतांच्या मागे लागावी असं मला फार वाटतं.

आणि नाशिकचा यात संबंध काय?

नाशिक जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात गणला जात नाही. २०२७च्या सिंहस्थात लाखो माणसं येतील, मग हत्तीरोग पसरेल का, असं कोणी विचारलं तर उत्तर जवळजवळ नाही असंच आहे. चार दिवसांच्या मुक्कामातल्या डासांनी हा आजार होत नाही. तिथे डेंग्यू आणि पोटाच्या आजारांची काळजी करावी. भारताने हत्तीरोग दूर करण्यासाठी धरलेलं सालही २०२७च आहे, हा योगायोग.

खरा संबंध बागेत आहे. घाट उतरला की पालघर जिल्हा लागतो आणि तो हत्तीरोगाच्या पट्ट्यात आहे. पेठ-सुरगाण्याबरोबर पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याकडच्या मजुरांच्या टोळ्याही इकडे कामाला येतात. हत्तीरोगाची मोहीम बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास असते, म्हणजे ऐन द्राक्ष काढणीच्या दिवसांत. आशाताई पाड्यावर पोहोचते तेव्हा घरातली कमावती माणसं दिंडोरी-निफाडला शेडवर असू शकतात. घराला कुलूप, नोंदवहीत ‘स्थलांतरित’.

मोहीम यशस्वी व्हायला एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळाव्या लागतात, आणि तेवढ्यावरही वर्षानुवर्षं तीच ती माणसं सुटत राहिली तर त्यांच्या रक्तात पिल्लं टिकतात, पुन्हा डासाला मिळतात. तरुण, कामासाठी फिरणारा, अंगाने धट्टाकट्टा पुरुष हा नेमका सुटणारा गडी.

द्राक्ष बागायतदाराने यासाठी डॉक्टर व्हायची गरज नाही. टोळी कुठल्या गावची हे मुकादमाच्या वहीत असतं. पालघरची असेल तर मोहिमेच्या तारखा त्याला विचाराव्यात, गावच्या आशाताईला फोन लावून द्यावा, सुटलेल्यांसाठी मोहिमेनंतर जे जादा दिवस ठेवतात त्यात एक खाडा धरून माणसांना गावी जाऊन येऊ द्यावं आणि त्या खाड्याचे पैसे कापू नयेत. गोळ्या मेडिकलमधून आणून आपणच वाटायच्या मात्र नाहीत. उंची मोजणारी काठी आणि कोणाला द्यायचं नाही याची यादी आशाताईकडेच असते.